मोठ्या आजारातून उठल्यावर हॉस्पिटलच्या स्टाफसाठी पळायचंय? मग सुरुवात अशी करा

आयसीयूतून वॉर्डात आणल्यावर फिजिओने मला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा माझ्या कमरेला एक रुंद पट्टा बांधला होता, तो तिने मागून दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, माझ्या समोर वॉकर आणि शेजारी सलाईनचा स्टँड ढकलत सिस्टर. बेडपासून खिडकीपर्यंत आठ पावलं. सहाव्या पावलाला मांड्या थरथरायला लागल्या तशी फरशी पुसत असलेल्या मावशींनी पोछा तिथेच ठेवला आणि खुर्ची माझ्या मागे सरकवली, कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्यानंतर 14 महिन्यांनी मी 10 किलोमीटर पळाले आणि त्यातून जमलेले पैसे त्याच वॉर्डच्या स्टाफसाठी गेले.

तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारलं की हे नेमकं कसं करायचं, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट होते, त्यामुळे औषधपाण्याचं जे काही खाली आहे ते तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं हे कळावं म्हणून आहे, त्यांच्याऐवजी वापरायला नाही.

सगळ्यात आधी हॉस्पिटलला विचारा

बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात. आधी रेसचं रजिस्ट्रेशन, मग ओळखीच्यांकडून देणग्या जमवायचं ऑनलाइन पेज, मग पोस्ट, आणि पैसे जमल्यावर हॉस्पिटलला फोन की आम्ही तुमच्यासाठी अमुक आणतोय. मग कळतं की ते अमुक त्यांना नकोय, किंवा घ्यायला ठेवायला जागा नाही, किंवा नियमातच बसत नाही. सरकारी असो, ट्रस्टचं असो की खाजगी, हॉस्पिटलमध्ये स्टाफने पेशंटकडून वैयक्तिक पैसे किंवा महागडी भेट घेण्यावर सहसा बंधनं असतात आणि ती योग्यच आहेत, ज्याने भेट दिली त्याच्याकडे जास्त लक्ष असं व्हायला नको. म्हणजे तुम्हाला कितीही वाटलं तरी ज्या सिस्टरने तुम्हाला सांभाळलं तिच्या हातात पाकीट ठेवू नका, ती बिचारी अडचणीत येईल.

मग विचारायचं कुणाला? दोन ठिकाणी. एक म्हणजे हॉस्पिटलचं डोनेशन बघणारं ऑफिस, किंवा हॉस्पिटलशी जोडलेली चॅरिटी असेल तर ती. त्यांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: ठराविक वॉर्डसाठी किंवा फक्त स्टाफच्या सोयींसाठी असं सांगून पैसे दिले तर ते तसेच वापरले जातील का, तसं लेखी मिळेल का, आणि तुमच्या हॉस्पिटलचं नाव आणि लोगो मी माझ्या पेजवर वापरू शकते का. दुसरं ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. त्यांना फक्त एवढंच विचारा की तुमच्या लोकांना ड्यूटीवर सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो.

मी मनात धरलं होतं की एखादं मोठं मशीन द्यायचं. इनचार्ज सिस्टर मला रेस्टरूममध्ये, म्हणजे स्टाफच्या विश्रांतीच्या खोलीत, घेऊन गेल्या, तिथे प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या होत्या, एकीचा पाय टेप लावून जोडलेला, आणि 12 तासांच्या नाईटमध्ये अर्ध्या तासाचा ब्रेक मिळाला तर त्या खुर्चीवर मान टाकून बसायचं. त्यांना पाठ मागे करता येणाऱ्या खुर्च्या हव्या होत्या, कुलूप लागणारे लॉकर हवे होते आणि एक पाणी गरम करायचं भांडं. बस. हे मला घरी बसून कधीच सुचलं नसतं. म्हणून सांगते, मशीनची यादी मॅनेजमेंटकडे असते, टेप लावलेली खुर्ची फक्त वॉर्डात दिसते.

आणि स्टाफ म्हणजे फक्त डॉक्टर आणि सिस्टर नाही हेही तेव्हाच बोलून घ्या. वॉर्डबॉय, मावशी, लॅबमध्ये पहाटे रक्त तपासणारे, एक्स-रे टेक्निशियन, फार्मसी, किचन, लाँड्री, सिक्युरिटी. जी वस्तू देणार ती यातल्या कुणाकुणाला वापरता येईल हे विचारून ठेवा.

डॉक्टरांची परवानगी, पण नुसतं "पळू का?" एवढंच विचारू नका

"पळू का?" विचारलं तर "हो, हळूहळू सुरू करा" एवढंच उत्तर मिळतं आणि त्याने काहीच कळत नाही. मी फॉलोअपला जाताना कागदावर लिहून नेलं होतं. काय लिहायचं ते आजारावर अवलंबून आहे, काही उदाहरणं देते.

हार्टची ओपन सर्जरी झाली असेल तर छातीचं मधलं हाड सांधायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, त्यामुळे धावण्याचे धक्के आणि हात जोरात हलवणं कधीपासून चालेल ते विचारा, आणि कार्डियाक रिहॅब, म्हणजे हार्टच्या पेशंटसाठी देखरेखीखालचा व्यायाम, मिळत असेल तर ते पूर्ण केल्याशिवाय रेसचा विचारही नको. हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल, म्हणजे मायोकार्डायटिस, तर जोराचा व्यायाम सहसा 3 ते 6 महिने बंद ठेवतात आणि तपासण्या करूनच सोडतात. यात घाई केली तर हार्टची लय बिघडून जिवावर बेतू शकतं, मन कितीही उड्या मारत असलं तरी. बीटा ब्लॉकर, म्हणजे हार्टचे ठोके कमी ठेवणारी गोळी, चालू असेल तर घड्याळावरचा हार्ट रेट मुद्दाम कमी राहतो, त्यामुळे त्या आकड्यावर ट्रेनिंग करायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर पडल्यावर, विशेषतः डोक्याला लागल्यावर, बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल गाठायचं. बरेच दिवस स्टेरॉईड घेतले असतील तर हाडं आणि मांड्यांचे स्नायू कमजोर होतात, ते तपासून घ्या. केमो झाली असेल तर हिमोग्लोबिन किती हवं आणि तळपायाला बधिरपणा असताना पळावं का हे विचारा. केमो चालू असताना किंवा नुकतीच संपलेली असताना ताप 38 अंशांवर गेला तर रनिंगचा प्रश्नच नाही, लगेच हॉस्पिटलला फोन.

अजून एक मागून घ्या, सहा मिनिटांची चालण्याची टेस्ट. साधी असते, सरळ कॉरिडॉरमध्ये सहसा 30 मीटरच्या अंतरात येरझाऱ्या घालायच्या, सहा मिनिटांत किती मीटर झाले ते मोजतात, सोबत ऑक्सिजन आणि दम किती लागला ते बघतात. माझ्यासाठी हा आकडा फार कामाचा ठरला कारण तुलना माझीच माझ्याशी होती, दर दोन-तीन महिन्यांनी टेस्ट केली की कळायचं आपण पुढे चाललोय की नाही.

आयसीयूत राहून आलेल्यांसाठी थोडं जास्त लिहिते कारण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या गंभीर पेशंटच्या मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मोजलं होतं, पहिल्या 10 दिवसांतच ते जवळपास 18 टक्के घटलं होतं. दहा दिवसांत! मग घरी आल्यावर जिना चढता येत नाही यात आळस कुठून आला. आणि अशक्तपणा एकटा येत नाही, सोबत विसरायला होणं, रात्री दचकून जागं होणं, मशीनचे बीप ऐकू आल्यासारखं वाटणं हेही येतं, डॉक्टर त्याला पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम म्हणतात. तुम्हाला असं होत असेल तर परवानगीच्या कागदावर तेही लिहा. काही आयसीयूमध्ये सिस्टर पेशंटसाठी रोजची डायरी लिहून ठेवतात, आज तुम्ही डोळे उघडले, आज तुमची मुलगी येऊन गेली, असं. बेशुद्धीतले हरवलेले दिवस परत जोडायला त्याची मदत होते. तुमच्या हॉस्पिटलला ती सुरू करायची असेल तर तुमच्या पैशातून हेही होऊ शकतं, विचारून बघा.

अंतर आणि तारीख

लोकांना वाटतं मॅरेथॉन पळाल्याशिवाय कुणी पैसे देणार नाही. असं अजिबात नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये कॅप्टन टॉम मूर नावाचे माजी सैनिक शंभरीच्या तोंडावर वॉकर धरून आपल्या बागेत चालले, 25 मीटरच्या 100 फेऱ्या. खुबा मोडला तेव्हा आणि त्वचेचा कॅन्सर झाला तेव्हा तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने केलेल्या उपचारांचे आभार म्हणून. ठरवले होते 1,000 पौंड, जमले 3 कोटी 20 लाखांच्या वर. सगळे मिळून अडीच किलोमीटर! तेवढे पैसे कुणाला मिळणार नाहीत, पण लोक किलोमीटर बघून देत नाहीत, माणूस कुठून कुठे आला ते बघून देतात.

म्हणून अंतर असं निवडा की वाईट आठवड्यातही चालत का होईना पूर्ण करता येईल. पहिल्या वेळी 5 किंवा 10 किलोमीटर पुष्कळ झाले. 21 आणि 42 चा विचार वर्षभर सलग पळणं जमल्यावर. ज्या देशांत पार्करन आहे तिथे तो चांगला पर्याय, 2004 साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 धावणाऱ्यांनिशी सुरू झालेला, शनिवारी सकाळी 5 किलोमीटर, फी नाही, आणि सगळ्यात मागे एक व्हॉलंटिअर चालत असतो त्यामुळे शेवटचा नंबर कुणा भाग घेणाऱ्याचा येतच नाही. आजारातून उठलेल्याला ही मागे कुणीतरी असण्याची भावना किती आधार देते ते मी सांगू शकत नाही.

मोठ्या रेसमध्ये चॅरिटीच्या नावावर जागा मिळते पण त्याबदल्यात ठराविक रक्कम जमवायचं वचन द्यावं लागतं. सही करण्याआधी बारीक अक्षरातलं वाचा: मी परत आजारी पडले तर जागा पुढच्या वर्षी ढकलता येते का, आणि रक्कम कमी पडली तर ती माझ्या खिशातून भरायची का. आपल्यासारख्यांनी हे दोन प्रश्न सोडायचेच नाहीत.

तारीख मात्र शक्य तितकी लांबची घ्या. टेरी फॉक्सचं उदाहरण तुम्हाला शंभर जण पाठवतील, एक पाय कॅन्सरमुळे काढलेला तो मुलगा 1980 साली कॅनडात 143 दिवसांत 5,373 किलोमीटर पळाला. पण त्याआधी त्याने वर्षभराहून जास्त सराव केला होता हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

ट्रेनिंग

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली म्हणून तीच आधी सांगते. चौथ्या महिन्यात एक दिवस खूप छान वाटलं, ऊन कोवळं होतं, मी ठरलेली 20 मिनिटं सोडून 50 मिनिटं चालले आणि मधेमधे पळालेसुद्धा. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही विशेष. तिसऱ्या दिवशी अंगात जीवच नाही, केस विंचरायला हात वर जाईना, आणि पुढचे 10 दिवस गेले. तेव्हापासून माझा नियम एकच, चांगल्या दिवशी जास्त करायचं नाही. चांगला दिवस आला की ठरलेलं करायचं आणि उरलेली ताकद अंगात राहू द्यायची.

क्रम साधारण असा धरा. आधी फक्त चालणं, सपाट रस्त्यावर, सुरुवात पाच मिनिटांनी असली तरी चालेल, आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत सलग 30 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, दुसऱ्या दिवशी थकवा न उरता जमेपर्यंत. याला मला तीन महिने लागले, कुणाला सहा लागतील. सोबत खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आणि टाचा उचलणं, दिवसाआड, कारण गेलेला स्नायू नुसत्या चालण्याने परत येत नाही. जेवणात प्रोटीन किती हवं ते आहारतज्ज्ञांना विचारा, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय वाढवूच नका.

मग पळणं-चालणं मिसळायचं. काउच टू 5के नावाचा 9 आठवड्यांचा प्लॅन प्रसिद्ध आहे, आठवड्यातून तीन दिवस, पहिल्या आठवड्यात 5 मिनिटं वॉर्मअप आणि मग 60 सेकंद पळणं, 90 सेकंद चालणं असं 20 मिनिटं. प्लॅन चांगला आहे पण तो निरोगी माणसाला धरून बनवलाय, मी त्याचा एकेक आठवडा दोन-दोन आठवडे केला आणि पाचवा तर चार, कारण त्याच्या शेवटी एकदम सलग 20 मिनिटं येतात. पुढचा आठवडा कधी घ्यायचा? पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, आणि दम 0 ते 10 च्या मापात 3-4 च्या पुढे जायला नको. एवढं जमलं आणि पुढचे दोन दिवस शरीर शांत राहिलं तरच पुढे.

काही आजारांनंतर, विशेषतः काही व्हायरल आजारांनंतर, थोड्याशा श्रमानेही एक-दोन दिवसांनी सगळी लक्षणं उसळतात. तुमचं असं वारंवार होत असेल तर हळूहळू वाढवत जाणं हा उपायच नाही, ट्रेनिंग थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. पैसे जमवायला पळायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय, तुमच्या वतीने घरचं कुणीतरी पळेल आणि गोष्ट तुमचीच राहील.

थांबायचंच अशी लक्षणं: छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर किंवा डोळ्यापुढे अंधारी, धडधड अनियमित होणं, नेहमीपेक्षा वेगळा दम, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. यात "हा किलोमीटर संपवते आणि बघते" नाही, मदत बोलवायची.

वही ठेवा. मी तारीख, मिनिटं, दम किती, आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं एवढंच लिहायचे. हा शेवटचा रकानाच खरा, त्यावरून कळतं.

पेज आणि पैसे

पेजवर काय लिहायचं यात लोक अडकतात आणि मग "देवदूतांना सलाम" छाप लिहितात. ते खोटं नसतं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर काही उभं राहत नाही. त्यापेक्षा एक प्रसंग लिहा, माझ्या पेजवर खुर्ची सरकवणाऱ्या मावशी होत्या, नाव न देता. मग लगेच सांगा की पैसे कशासाठी, किती, आणि कुणाच्या खात्यात. "स्टाफच्या मदतीसाठी" यापेक्षा "नाईट ड्यूटीच्या रेस्टरूमसाठी सहा खुर्च्या" याला लोक पटकन देतात. लिंक सगळीकडे टाकण्याआधी जवळच्या पाच-सहा जणांकडून आधी भरून घ्या, रिकाम्या पेजवर पहिलं कुणी व्हायला तयार नसतं. आणि आजाराबद्दल किती सांगायचं हे शांतपणे ठरवा, इंटरनेटवर गेलेलं परत येत नाही, उद्या नोकरीच्या ठिकाणीही कुणी वाचेल.

वॉर्डातले जुने फोटो टाकू नका. मागे दुसरा पेशंट दिसत असतो, बोर्डवर नावं असतात. स्टाफचा फोटो किंवा नाव त्यांनी आणि हॉस्पिटलने दोघांनी हो म्हटल्यावरच.

पैसे शक्यतो तुमच्या खात्यातून फिरूच देऊ नका, थेट हॉस्पिटलच्या किंवा चॅरिटीच्या खात्यात जाऊ द्या. पेज ज्या वेबसाइटवर आहे ती किती कापून घेते ते आधी बघा आणि पेजवर लिहा. रोख कुणी दिलं तर त्याच दिवशी भरून पावती त्याला पाठवा. रजिस्ट्रेशनची फी, शूज, टी-शर्ट, प्रवास हे सगळं स्वतःच्या खिशातून, जमलेल्या पैशातून एक रुपयाही नाही. हे मी इतकं ठासून सांगतेय कारण चांगल्या कामालाही हिशोबाचा डाग लागतो. कॅप्टन टॉम यांच्या नावाने नंतर निघालेल्या वेगळ्या संस्थेच्या कारभारावर तिथल्या चॅरिटी कमिशनने 2024 मध्ये कडक ताशेरे ओढले, आरोग्यसेवेसाठी जमलेल्या पैशांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता तरी लोकांच्या डोक्यात सगळं एकत्र झालं.

रेसच्या दिवशी

बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या, मागे पेनने लिहा: आजार, चालू औषधं, ॲलर्जी, घरच्यांचा नंबर. हे सगळे म्हणतात आणि निम्मे लोक लिहीत नाहीत. औषधांची वेळ रेसच्या मध्ये येत असेल तर डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. सुरुवात सगळ्यात मागून करा. पाणी तहान लागेल तसं प्या, भीतीपोटी प्रत्येक स्टॉलवर पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली जाऊन तेही धोक्याचं असतं. घरचं एक माणूस शेवटच्या रेषेवर नाही, तर मधल्या वाटेवर उभं करा, गरज तिथे पडते. आणि सकाळी उठल्यावर ताप, कणकण, जुलाब काही असेल तर पळायचं नाही. देणगीदारांना खरं सांगा, मी सांगते कुणीही पैसे परत मागत नाही.

माझ्या रेसला सातव्या किलोमीटरला मांड्या तशाच थरथरल्या, त्या दिवशीसारख्या. मी चालायला लागले, दोन मिनिटं चालले, मग परत पळाले.

नंतरचं

दोन आठवड्यांच्या आत हिशोब पेजवर टाका: किती जमले, किती कापले गेले, किती पोचले, हॉस्पिटलची पावती. वस्तू आल्या की त्यांचा फोटो, माणसांशिवाय.

आणि पत्र लिहा, पैशांइतकंच महत्त्वाचं. "सर्व स्टाफचे आभार" असं एकच गुळगुळीत पत्र नको, वेगवेगळी लिहा आणि त्यात तारीख, ड्यूटी, काय केलं ते लिहा, कारण नेमकं पत्र असलं तर ते त्या व्यक्तीच्या कामाच्या नोंदीत लावता येतं. नाव आठवत नसेल तर "पहाटे चारला रक्त घ्यायला येणारे, आधी हात चोळून गरम करणारे" असं लिहा, वॉर्डातले लोक बरोबर ओळखतात. प्रत वरिष्ठांना.

भेटायला जायचं असेल तर आधी फोन करून जा, राउंडच्या आणि औषधांच्या वेळी नको, आणि आत जाण्यापेक्षा रेस्टरूमच्या दारात भेटा. सगळे दिवसाच जातात त्यामुळे नाईटवाल्यांपर्यंत काही पोचत नाही. मी ड्यूटी बदलायच्या वेळेला गेले, म्हणजे दोन्ही पाळ्या भेटल्या. मावशींनी मला ओळखलं नाही, केस आले होते, वजन वाढलं होतं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले तेव्हा ओळखलं. नवीन खुर्चीवर बसा म्हटलं तर म्हणाल्या, आधी ही फरशी ओली आहे ती वाळू दे.